कसईच्या मण्यांची साखळीमाळ
(नवशिक्यांसाठी गृहोद्योगाचा एक पाठ)

खरिपाची मळणी आटोपून धान्य कणगीत पडले म्हणजे शेतकरी कुटुंबातील स्त्रियांना दुपारचा थोडाफार मोकळा वेळ मिळू लागतो. ह्या वेळात करता येण्याजोगा, भांडवल थोडे लागणारा व घरातील मुलींनाही हाताशी घेता येणारा उद्योग कोणता, अशी विचारणा महिला मंडळांच्या व बचत गटांच्या बैठकींतून नेहमी होते. गळ्यात घालावयाची साधी साखळीमाळ तयार करणे हा असा एक उद्योग आहे. मात्र बाजारातील काचेचे किंवा प्लॅस्टिकचे मणी आणून ते ओवणे म्हणजे मिळकतीचा मोठा भाग बाहेर पाठविणे होय. मणी शेताच्या कडेलाच पिकले, तर विकत घ्यावी लागते ती फक्त तार.

असे मणी देणारी वनस्पती महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. तिचे नाव कसई. काही भागांत तिला रानजोंधळा किंवा रानमका असेही म्हणतात. प्रस्तुत लेखात कसईची ओळख, तिची लागवड, मण्यांची निवड आणि त्यांपासून तारेची साखळीमाळ करण्याची कृती क्रमवार दिली आहे. ह्याबरोबरच कोणते बी माळेत कधीही घेऊ नये, हेही सांगितले आहे. माळ चुकली तर ती मोडून पुन्हा करता येते. परंतु बी निवडण्यात झालेली चूक एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ घेताना शेवटचे भाग वगळू नयेत.

कसईची ओळख

कसई ही गवताच्या कुळातील वनस्पती असून मक्याच्या नात्यातली आहे. ती एक ते दोन मीटर उंच वाढते. पाने मक्यासारखी रुंद व लांब असतात. ओढ्याकाठी, पाणथळ जागी, डबक्यांच्या कडेने ती आपोआप उगवलेली आढळते. संस्कृतात तिला गवेधु किंवा गवेधुका म्हणत. उत्तर भारतात वैजयंती माळ म्हणून ज्या माळा विकल्या जातात, त्यांचे मणी पुष्कळदा ह्याच वनस्पतीचे असतात. म्यानमारमधील करेन स्त्रिया आपल्या अंगरख्यांवर हेच मणी टाचून नक्षी काढीत आल्या आहेत.

ज्याला आपण कसईचे बी म्हणतो ते खरे पाहता नुसते बी नव्हे. स्त्रीफुलाभोवतीचे आवरण कठीण होऊन त्याचा टणक, गुळगुळीत, थेंबाच्या आकाराचा मणी बनतो व दाणा त्याच्या आत राहतो. नरफुलांचा तुरा ह्या मण्याच्या टोकातून बाहेर आलेला असतो. मणी पिकल्यावर हा तुरा वाळतो. त्याचा देठ चिमटीत धरून ओढला की मण्यात आरपार वाट मोकळी होते. म्हणजे मण्याला भोक पाडण्याचे काम निसर्गानेच केलेले असते. नवशिक्याच्या दृष्टीने कसईचा हा सर्वांत मोठा गुण होय. कारण कठीण बियांना भोक पाडताना बी फुटते, टोचा निसटून बोटात घुसतो आणि वेळही फार जातो.

कसईचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. एका प्रकाराचे कवच पातळ व ठिसूळ असून तो धान्य म्हणून पिकविला जातो. ईशान्य भारतातील डोंगराळ भागात त्याची लागवड होते. दुसऱ्याचे कवच दगडासारखे टणक असते. माळेसाठी हा दुसरा प्रकारच घ्यावा. मण्याचा रंग पांढरा, राखी, निळसर करडा, तपकिरी किंवा काळपट असतो. एकाच झाडावर दोन-तीन छटा आढळतात. हा दोष नसून छटा नीट जुळवल्यास माळेला शोभा येते.

लागवड

घरगुती उद्योगापुरती दहा-बारा झाडे पुरेशी होतात. कवच टणक असल्याने बी उगवण्यास वेळ लागतो. म्हणून पेरणीपूर्वी बी एक रात्र पाण्यात भिजत ठेवावे. पावसाळा सुरू होताच, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन ते तीन सें.मी. खोलीवर प्रत्येक ठिकाणी दोन बिया टोकाव्यात. दोन झाडांमध्ये ४५ ते ६० सें.मी. अंतर ठेवावे. उगवण झाल्यावर एक जोमदार रोप राखून दुसरे काढून टाकावे. न्हाणीच्या पाण्याचा ओलावा मिळणारी परसातील जागा ह्या पिकाला चांगली मानवते. आरंभी एक-दोन खुरपण्या द्याव्यात. रोपे लहान असताना ती गवत समजून उपटली जाण्याचा संभव असतो, म्हणून ओळीच्या टोकाला खुंटी ठोकून ठेवावी.

येथे एक सूचना आवश्यक आहे. कसईचे पिकलेले मणी आपोआप गळतात व पाण्याबरोबर वाहून जाऊन दूरवर रुजतात. त्यामुळे भातखाचराच्या बांधावर, पाटाच्या किंवा चारीच्या कडेला कसई लावू नये. एरवी आज हौसेने लावलेले पीक दोन वर्षांनी भातात तण होऊन बसेल. गळालेले मणी झाडून गोळा करावेत. हंगाम संपताच ताटे मुळासकट काढून टाकावीत. हिरवी पाने जनावरे आवडीने खातात, तेव्हा त्यांचा उपयोग वैरणीसाठी करावा.

मणी गोळा करणे व निवडणे

ऑक्टोबरपासून मणी पिकू लागतात. सर्व मणी एकाच वेळी तयार होत नाहीत. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी तोडणी करावी. हिरवट मणी तोडू नयेत. असा मणी वाळल्यावर सुरकुततो, त्याला चकाकी येत नाही आणि तो बोटांच्या दाबाने चेपतो. रंग पूर्ण पालटलेला, चकचकीत व नखाने ओरखडा न उठणारा मणी पक्व समजावा.

तोडलेले मणी सुपात किंवा गोणपाटावर पातळ पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवावेत. रात्री ते घरात घ्यावेत, नाहीतर दवाने पुन्हा ओल धरतात. आत दाणा असल्यामुळे ओल राहिलेल्या मण्यात बुरशी येते व माळ महिन्याभरात काळवंडते. वाळल्यावर प्रत्येक मण्याचा देठ ओढून काढावा व जाड सुई वरच्या टोकातून घालून बुडाकडून बाहेर काढावी. बुडाशी देठाचा वाळका भाग अडकलेला असतो, तो सुईच्या टोकाने निघतो.

त्यानंतरची निवड ही ह्या उद्योगातील खरी कसोटी होय. पेरणीचे बियाणे जसे आपण वेचून घेतो, तसेच मणी वेचावेत. तडा गेलेले, किडीने पोखरलेले, आत काणीची काळी पूड असलेले, वाकडे व चेपलेले मणी बाजूला काढावेत. मग लांबीप्रमाणे तीन वाटे करावेत: लहान, मध्यम व मोठे. मध्यम वाट्यातील मण्यांची लांबी साधारणतः आठ मि.मी. भरते. पहिल्या माळेसाठी हेच मणी घ्यावेत. एका माळेला २८ मणी लागतात. परंतु सुरुवातीस ४० तरी निवडून जवळ ठेवावेत. निवडलेले मणी खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घातलेल्या मऊ फडक्यात घोळून पुसावेत. रोगण किंवा रंग देण्याची गरज नाही.

साहित्य

(१) तार: तांब्याची किंवा पितळेची, सुमारे ०·७ मि.मी. जाडीची. बाजारात ती २२ गेज ह्या नावाने मिळते. तांब्याची तार मऊ असल्याने शिकण्यास बरी. पितळेची तार ताठ असल्याने विक्रीच्या माळेस बरी. एका माळेला सुमारे १२० सें.मी. तार पुरते. तांब्याच्या एवढ्या तारेचे वजन अवघे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक किलो तारेत दोनशेहून अधिक माळा होतात.

(२) आकड्यासाठी ०·५ मि.मी. जाडीची तांब्याची मऊ तार, १० सें.मी.

(३) गोल, निमुळत्या चोचीची पक्कड. ती नसल्यास तीन मि.मी. जाडीचा खिळा व साधी पक्कड चालते. खिळ्याचे टोक कानशीने बोथट करून घ्यावे.

(४) चपट्या चोचीची लहान पक्कड.

(५) तार कापण्याची पक्कड, बारीक कानस, मोजपट्टी व मणी ठेवण्यासाठी कापड अंथरलेले ताट.

विजेच्या जुन्या वायरमधील तांबे वापरावयाचे असल्यास वरचे वेष्टन सुरीने सोलून काढावे. ते जाळून काढू नये, कारण प्लॅस्टिकच्या धुरात विषारी वायू असतात. बांधकामाची लोखंडी तार वापरू नये; ती घामाने गंजते. स्वस्त चमकदार तारेवर पुष्कळदा निकेलचा मुलामा असतो. निकेलमुळे अनेकांच्या मानेला खाज सुटते व पुरळ उठतो, म्हणून तीही टाळावी.

मापाचा हिशेब

माळ करण्यापूर्वी हिशेब समजून घेतल्यास तार वाया जात नाही. ह्या साखळीचा प्रत्येक दुवा म्हणजे एक मणी व त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची एकेक कडी. तीन मि.मी. जाडीच्या खिळ्याभोवती ०·७ मि.मी.ची तार एकदा गुंडाळावयास सुमारे १२ मि.मी. तार लागते. दोन कड्यांना २४ मि.मी. झाली. तेव्हा नियम असा:

तुकड्याची लांबी = मण्याची लांबी + २४ मि.मी.

मणी आठ मि.मी. असल्यास तुकडा ३२ मि.मी.चा कापावा. दुवे एकमेकांत अडकविल्यावर प्रत्येक दुव्यामागे साखळीची लांबी सुमारे १५·४ मि.मी. वाढते. २८ दुव्यांची साखळी ४३ सें.मी. भरते. आकडा व त्याची कडी ह्यांचे तीन सें.मी. मिळविले म्हणजे ४६ सें.मी.ची, गळ्यालगत बसणारी माळ तयार होते. माळ अधिक लांब हवी असल्यास दर तीन सें.मी.ला दोन दुवे वाढवावेत.

कृती

१. तारेचे तुकडे: तार प्रथम हाताने ताणून सरळ करावी. मोजपट्टीवर ३२ मि.मी.च्या खुणा करून २८ तुकडे कापावेत. कापताना तुकड्यावर बोट ठेवावे, नाहीतर तो उडून डोळ्यात जाण्याचा धोका असतो. प्रत्येक टोक कानशीने दोन वेळा घासावे. टोकाची धार तशीच राहिली तर ती मानेला ओरखडते व साडीचा धागा ओढते.

२. पहिली कडी: तुकड्याच्या एका टोकापासून १२ मि.मी.वर चपट्या पकडीने तार काटकोनात वाकवावी. मग टोक गोल पकडीच्या चोचीत धरून, मनगट बाहेरच्या बाजूस फिरवीत, वाकविलेला भाग पूर्ण वर्तुळाकार करावा. एकाच हिसक्यात कडी करू नये. अर्धे वळण झाल्यावर पक्कड सोडून पुन्हा धरावी व उरलेले वळण द्यावे. खिळा वापरत असल्यास तार खिळ्याभोवती बोटाने दाबून गुंडाळावी व शेवटचे टोक पकडीने चेपावे. कडी तारेच्या मधोमध बसली पाहिजे. ती एका बाजूस कलल्यास साखळी पिळवटते.

३. मणी घालणे: दुसऱ्या टोकाकडून मणी ओवून पहिल्या कडीला टेकवावा. सर्व मण्यांची निमुळती टोके एकाच दिशेला ठेवावीत. ह्या एका गोष्टीने माळेला नेटकेपणा येतो.

४. दुसरी कडी: मण्याच्या बाहेर १२ मि.मी. तार उरलेली दिसेल. मण्यालगत ती काटकोनात वाकवून पूर्वीप्रमाणे कडी करावी. वाकविताना पक्कड मण्यावर टेकवू नये, कवच तडकते. दोन्ही कड्या एकाच पातळीत आहेत, हे डोळ्यासमोर धरून पाहावे.

५. दुवे जोडणे: नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते. कडी उघडावयाची म्हणजे तिची टोके एकमेकांपासून दूर ओढावयाची नाहीत. तसे केल्यास कडीचा गोल बिघडतो व तो पुन्हा कधीही पूर्ववत होत नाही. कडीचे एक टोक पकडीत धरून बाजूला, म्हणजे आपल्याकडे किंवा पलीकडे, किंचित सरकवावे. कवाड उघडावे तसे. त्या फटीतून दुसऱ्या दुव्याची कडी घालून टोक त्याच मार्गाने परत आणावे. दोन टोके भिडल्यावर नख फिरवून पाहावे. नख अडकले तर कडी अजून उघडी आहे.

६. आकडा: ०·५ मि.मी.च्या तारेचा इंग्रजी एस अक्षरासारखा आकडा करावा. त्याचे एक तोंड माळेच्या एका टोकाच्या कडीत अडकवून पूर्ण बंद करावे व दुसरे थोडे उघडे ठेवावे. माळेच्या दुसऱ्या टोकास एक स्वतंत्र कडी जोडावी.

आकडा मुद्दाम कमजोर ठेवावा

आकडा मुख्य तारेपेक्षा बारीक का घ्यावयाचा, असा प्रश्न विचारला जाईल. शेतकरी स्त्रीचे दागिने गळ्यात असतानाच ती कडबाकुट्टीत वैरण घालते, मळणीयंत्राजवळ उभी राहते, पंपाच्या पट्ट्याजवळून ये-जा करते. ओढणी, पदर किंवा गळ्यातील माळ फिरत्या भागात सापडून झालेले अपघात प्राणघातक ठरतात. माळेत कोठेतरी असा दुवा हवा की जो हिसका बसताच उघडेल. तो दुवा म्हणजे आकडा. माळ तुटून मणी विखुरले तरी चालतील. मान सुटली पाहिजे.

माळ पुरी झाल्यावर तिची परीक्षा पुढीलप्रमाणे घ्यावी. माळेचे एक टोक खुंटीला अडकवून दुसऱ्या टोकास सुमारे ५० ग्रॅम धान्याची पुरचुंडी टांगावी. एकही कडी उघडू नये. मग आकडा लावून माळ दोन हातांत धरावी व ताण हळूहळू वाढवावा. सर्वांत आधी आकडा उघडला तर माळ बरोबर झाली. आधी एखादा दुवा उघडला तर त्याची कडी पुन्हा घट्ट करावी किंवा आकडा आणखी बारीक तारेचा करावा. आकड्याला डाग देऊन तो कधीही पक्का करू नये.

तथापि कमजोर आकडा हा केवळ दुसरा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे यंत्राजवळ जाण्यापूर्वी माळ काढून ठेवणे व पदर खोचणे. हे दोन्ही उपाय पाठातच शिकवावेत. लहान मुलांच्या गळ्यात ही माळ घालू नये. त्यांना मणी सुटे देऊ नयेत. ते घशात अडकतात.

कोणते बी घेऊ नये

माळेचा नाद लागला की मुले व बाया रानातील प्रत्येक सुंदर बी गोळा करू लागतात. त्यांत गुंज पहिली येते. लाल रंगावर काळा ठिपका असलेली गुंज दिसावयास मोहक आहे. सोनाराच्या तराजूत तिला पिढ्यान्‌पिढ्या मान होता; आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा असे मोजमाप होते. परंतु गुंजेत ॲब्रिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. अखंड गुंजेचे कवच कठीण असल्याने विष आत कोंडलेले राहते. माळेसाठी तिला भोक पाडले म्हणजे ते कवच फुटते. अशी माळ तान्ह्या मुलाने चोखली किंवा त्यातील गुंज चावली तर प्राणावर बेतू शकते. भोक पाडताना उडणारी पूडही घातक असते.

एरंडीच्या बियांत रायसिन नावाचे तसेच विष आहे. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना बिट्ट्या म्हणतात व ज्यांच्याशी मुले खेळतात, त्या हृदयाची गती बिघडवितात. धोतऱ्याचे बीही विषारी आहे. गुंज, एरंडी, बिट्टी व धोतरा ह्या चारही बिया माळेच्या कामातून पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. ज्या बीची खात्रीने ओळख पटत नाही, तेही घेऊ नये.

असे बी कोणी चावल्याचा नुसता संशय आला तरी त्या व्यक्तीस ताबडतोब दवाखान्यात न्यावे. गुंज व एरंडी ह्यांची लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात. उलट्या व रक्तमिश्रित जुलाब सुरू होईपर्यंत थांबल्यास मोलाचा वेळ गमावला जातो. मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे किंवा घरगुती काढे देणे, असे उपाय करू नयेत. शिल्लक बी बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टरांना ते ओळखता येईल. रुग्णवाहिकेसाठी १०८ ह्या क्रमांकावर फोन करावा.

कसईत असा धोका नाही. तिचा दाणा विषारी नसून तिचा एक प्रकार तर धान्य म्हणून खाल्ला जातो. भोक पाडावे लागत नाही आणि विषाची भीती नाही, ह्या दोन कारणांसाठी नवशिक्यांनी कसईच निवडावी.

नेहमी होणाऱ्या चुका

तार एकाच जागी वारंवार वाकविल्यास ती ताठ होऊन तुटते. चुकलेली कडी एकदाच सरळ करून पाहावी. दुसऱ्यांदा चुकल्यास नवा तुकडा घ्यावा. मणी दुव्यात सैल खेळत असल्यास कडी मण्यापासून दूर वाकविली गेली असे समजावे. माळ पिळवटत असल्यास कड्या एका पातळीत नाहीत. मानेवर हिरवट डाग पडल्यास तो तांब्याचा कळक होय. तार चिंचेच्या पाण्यात बुडविलेल्या चिंधीने पुसून, मग ओल्या व कोरड्या फडक्याने पुसावी. माळ पाण्यात भिजत ठेवू नये व स्नानाच्या वेळी काढून ठेवावी.

किंमत कशी ठरवावी

गृहोद्योगात नुकसान होते ते बहुधा मालामुळे नव्हे, तर स्वतःची मेहनत फुकट धरल्यामुळे. मणी घरचे, तार सव्वाचार ग्रॅमची, म्हणून माळ स्वस्त विकली जाते आणि दोन महिन्यांनी बाईच्या लक्षात येते की हाती काही उरलेले नाही. ह्यासाठी वहीत चार रकाने ठेवावेत: तार व आकडा, वेष्टन व बाजारास जाण्याचा खर्च, लागलेले तास, आणि वाया गेलेले सामान. समजा, सवय झाल्यावर एका माळेस दोन तास लागतात. आठ तासांच्या दिवसाची गावात जी मजुरी चालते, तिचा चौथा हिस्सा ही त्या माळेची मजुरी झाली. मणी निवडण्याचा व वाळविण्याचा वेळही तासांत धरावा. ह्या सर्वांची बेरीज म्हणजे माळेची किमान किंमत होय. तिच्याखाली विक्री करू नये. बाजारात तेवढी किंमत येत नसल्यास माळा घरच्यांसाठी व आप्तांसाठी कराव्यात आणि तो वेळ दुसऱ्या कामास लावावा. हा निर्णय वहीच्या आधारे घेतला गेला, तर पाठाचा अर्धा हेतू साधला असे म्हणता येईल.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

हा पाठ दहा-बारा जणींच्या गटास दोन दुपारी घेता येतो. पहिल्या दुपारी कसईची ओळख, मण्यांची निवड व विषारी बियांची माहिती द्यावी. विषारी बिया दाखवावयाच्या असल्यास त्या बंद बाटलीतून दाखवाव्यात, हाती देऊ नयेत, व परत जाताना बाटली आपल्याबरोबर न्यावी. त्याच दिवशी प्रत्येकीकडून मण्याशिवाय दहा नुसत्या कड्या करून घ्याव्यात. पहिल्या कड्या वाकड्या होतील. त्या टाकून न देता ओळीने मांडून ठेवाव्यात. दहावी कडी पहिलीच्या शेजारी ठेवली म्हणजे शिकणारीला आपली प्रगती स्वतःच दिसते. दुसऱ्या दुपारी माळ पुरी करून तिची पुरचुंडीने परीक्षा घ्यावी. ज्यांची नजर कमी झाली आहे, अशा वयस्क स्त्रियांना मणी वेचण्याचे काम द्यावे. पुष्कळ वर्षे बियाणे वेचलेल्या त्यांच्या बोटांना नुसत्या स्पर्शाने चेपका मणी कळतो.

पाठ संपल्यावर प्रत्येक शिकणारीस माळेबरोबर वीस निवडक मणी बियाण्यासाठी द्यावेत व ते डब्यात कोरडे ठेवण्यास सांगावे. जून महिन्यात ते परसात टोकले गेले, तर पुढील दिवाळीनंतर तिला मण्यांसाठी कोणाकडे जावे लागणार नाही.